चांद्यावरचा बर्फ

चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने एकदा अंगावर काढला आहे, त्याला या लेखाचे नाव वाचून हसू येईल, आणि त्याबद्दल त्याच्यावर रागावण्याचे मला काही कारण नाही. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे सरकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, आणि बर्फ म्हणजे काय ते आम्हांला उसाच्या रसाच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेल्या लादीवरून ठाऊक. तरीही, वाचकहो, या जिल्ह्याच्या भूमीवर एके काळी खरोखरीचा बर्फ होता. तोही चार दिवसांचा नव्हे, तर खडक खरवडून काढील एवढ्या जाडीचा. ही गोष्ट मी कशी शिकलो, आणि ती शिकण्यासाठी भिंतीवरचा नकाशा मला कसा उलगडून पुन्हा मांडावा लागला, ते आज सांगणार आहे.

मी भूगोलाचा पंडित नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. कादंबऱ्या लिहितो आणि मुलांना शिकवतो, एवढेच. आमच्या वर्गात भामरागडकडच्या जंगलातून आलेली एक माडिया मुलगी आहे. फारसे बोलत नाही, पण पाहते फार. गेल्या पावसाळ्यात तिने भिंतीवरच्या जगाच्या नकाशाच्या तळाशी बोट ठेवले आणि विचारले, "गुरुजी, हा पांढरा काठ कशाचा?"

"अंटार्क्टिका खंडाचा," मी म्हणालो.

"मग याची खालची बाजू कुठे आहे?"

वीस वर्षे मी तो नकाशा शिकवीत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. लुगड्याच्या काठासारखी ती पांढरी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि चौकटीपाशी संपते. मुलांची समजूत अशी की अंटार्क्टिका हा एक लांबट, खालून कापलेला प्रदेश आहे. खरे सांगायचे तर माझीही समजूत याहून फार वेगळी नव्हती. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक संत्रे नेले. आमच्या भागात दृष्टान्ताला संत्र्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. संत्र्याची साल काढून ती पाटावर सपाट करू गेले तर एक तर ती फाटते, नाही तर ओढावी लागते. तिसरा मार्ग नाही. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा करणाऱ्यांची अडचण नेमकी हीच. १५६९ साली गेरार्ड मर्केटर या नकाशाकाराने खलाशांसाठी जो प्रसिद्ध नकाशा केला, त्यात त्याने ओढण्याचा मार्ग पत्करला. त्याच्या नकाशात सारी रेखावृत्ते उभी आणि समांतर. प्रत्यक्षात ती ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, तेव्हा विषुववृत्तापासून जसे दूर जावे तशी जमीन ताणली जाते. साठाव्या अक्षवृत्तावर लांबी दुप्पट होते, ऐंशीवर पावणेसहा पट, आणि खुद्द ध्रुव तर कागदावर येऊच शकत नाही. त्यासाठी कागद अनंत लांब लागेल. मर्केटरला ही उणीव पक्की ठाऊक होती. म्हणून त्याने त्याच नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर ध्रुवाचा एक वेगळा वाटोळा नकाशा काढून ठेवला. त्याचा मोठा नकाशा जगभर गेला, कोपऱ्यातला वाटोळा नकाशा मात्र पुष्कळजण विसरले.

वाटोळ्या नकाशाची कल्पना मर्केटरची नव्हे. संत्रे देठापासून पाकळ्या पाकळ्या करून सोलावे आणि ती साल वरून पाहावी, तसा हा प्रकार: ध्रुव मध्यभागी, रेखावृत्ते चाकाच्या आऱ्यांसारखी, अक्षवृत्ते एकाभोवती एक वर्तुळे. आकाशाच्या बाबतीत हे गणित ग्रीक लोकांना ठाऊक होते, त्यांच्याकडून ते अरबांकडे आणि पुढे आपल्याकडे आले. १३७० साली, फिरोजशहा तुघलकाच्या काळात, महेंद्रसूरी या जैन पंडिताने 'यंत्रराज' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. यंत्रराज म्हणजे पितळेचे ते तबकडीसारखे यंत्र, ज्यावर सारे आकाश ध्रुवाभोवती सपाट करून कोरलेले असते. तेव्हा ध्रुवावरून पाहण्याची ही दृष्टी आपल्याकडे सहाशे वर्षांहून जुनी आहे.

एवढे सांगितल्यावर त्या मुलीने साहजिकच विचारले, "मग तसा नकाशा आपल्याकडे का नाही?"

इथून माझ्या फजितीला आरंभ झाला.

आमचा एक माजी विद्यार्थी नागपुरास भूगोल शिकतो. गणपतीच्या सुट्टीत तो गावी आला तेव्हा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे बसला. त्यात नकाशे करण्याचे एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर होते. जगाचा नकाशा उघडला. तो सपाट, चौकोनी. अशा नकाशाची खालची कड ही वास्तविक एकच जागा, म्हणजे दक्षिण ध्रुव. पण कागदावर ती विषुववृत्ताएवढी, चाळीस हजार किलोमीटर लांब ताणलेली असते. बिंदूची अशी रेघ झालेली पाहून मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले: त्या पांढऱ्या काठाची खालची बाजू म्हणून काही नाहीच!

मग आम्ही ध्रुवाचा नकाशा करू लागलो. अशा प्रत्येक नकाशा-पद्धतीला जगभर एक क्रमांक ठरलेला आहे. अंटार्क्टिकासाठी जी पद्धत नेहमी वापरतात तिचा क्रमांक ३०३१. आम्ही तो क्रमांक दिला, आणि पडद्यावरून सारे जग नाहीसे झाले. पुष्कळ शोधल्यावर ध्रुवाशेजारी एक ठिपका सापडला. तो मोठा करून पाहतो तर सारी खंडे त्यात! चूक आमचीच होती. नकाशाचे रूपांतर करण्याऐवजी आम्ही त्याच्यावर फक्त नवी चिठ्ठी डकवली होती. जुन्या नकाशातले आकडे अंशांचे होते, यंत्राने ते मीटरचे समजले, आणि ३६० अंश रुंद, १८० अंश उंच जग ३६० मीटर रुंद, १८० मीटर उंच होऊन बसले. शेराच्या मापावर पायलीची चिठ्ठी लावली म्हणून धान वाढत नाही. माप बदलायचे तर धान पुन्हा मोजावे लागते.

रूपांतर केले तेव्हा दुसरी अडचण. मधोमध अंटार्क्टिका छान वाटोळा आला, पण पडद्यावर चहूकडे वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. कारण या पद्धतीत समोरचा ध्रुव, म्हणजे उत्तर ध्रुव, अनंतात जातो. तिकडच्या प्रदेशांना बिचाऱ्या यंत्राने कुठे ठेवावे? तेव्हा साठ अंश दक्षिणेच्या खालचाच भाग कापून घ्यावा असे ठरवले. त्यासाठी चार कोपऱ्यांची एक चौकट आखली. तिचे रूपांतर केले तर चौकटीची काडी झाली! हसून आमची पुरेवाट झाली, पण विचार केल्यावर कळले की यंत्राने फक्त चार कोपरे पाहिले. वरचे दोन कोपरे, १८० अंश पूर्व आणि १८० अंश पश्चिम, ही ध्रुवावरून पाहता एकच जागा. खालचे दोन म्हणजे खुद्द ध्रुव. दोन बिंदू जोडले की रेघच होणार. मग चौकटीच्या कडेवर अंशाअंशाला एक बिंदू घातला, तेव्हा कुठे तिचे वर्तुळ झाले. शेवटी उरली ती किनाऱ्यापासून ध्रुवापर्यंत गेलेली एक सरळ काळी रेघ, कलिंगडावर सुरी फिरवल्यासारखी. ती पृथ्वीवर कोठेच नाही. सपाट नकाशा जिथे फाडला होता तिथला तो शिवणीचा टाका. तोही उसवून टाकला.

"गुरुजी, अंटार्क्टिका झाला. पण आपले चंद्रपूर कुठे आहे?" विद्यार्थी म्हणाला. ते पाहायचे तर नकाशा पुन्हा वर, विषुववृत्ताच्या पलीकडे न्यायला हवा, आणि या पद्धतीत वीस अंश उत्तरेवर लांबी तिप्पट, म्हणजे क्षेत्र नऊपट फुगते. म्हणून आम्ही दुसरी पद्धत घेतली, जिच्यात ध्रुवापासूनची अंतरे खरी राहतात. भारत तिच्यातही आडवा सुमारे दुप्पट रुंद दिसतो, पण तेवढे चालवून घेतले. संत्र्याची अट कोणालाच चुकत नाही. काय खरे ठेवायचे आणि काय सोडायचे, हे नकाशाकाराने आधी ठरवावे आणि पाहणाऱ्याला सांगावे, एवढाच प्रामाणिकपणा त्याच्या हाती असतो.

त्या नकाशात चंद्रपूरचे रेखावृत्त मी बोटाने ध्रुवाकडे नेले. ते ७९ अंशांच्या थोडे पुढचे. तेलंगण, आंध्र, तामिळनाडू ओलांडून ते रामेश्वराजवळून समुद्रात उतरते, आणि तिथून पुढे पाणीच पाणी, थेट अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापर्यंत. त्या किनाऱ्यावर, ७६ अंश पूर्वेला, भारताचे 'भारती' हे संशोधन केंद्र २०१२ पासून उभे आहे. चंद्रपूरपासून सुमारे दहा हजार किलोमीटर, पण जवळजवळ नाकासमोर. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे उतरली. आजही ध्रुवीय संशोधनाचे आपले राष्ट्रीय केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. भिंतीवरच्या नकाशात हे सारे तळाच्या काठात चिरडलेले असते. ध्रुवावरून पाहिले की तो शेजार वाटतो.

आणि हा शेजार नुसता दिसण्यापुरता नाही. इथे गोष्ट पुन्हा चांद्याकडे वळते.

१८५६ साली ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूशास्त्रज्ञांना एक चमत्कारिक थर सापडला. बारीक गाळात मोठमोठे धोंडे रुतलेले. वाहत्या पाण्याचा नियम असा की जड दगड एकीकडे आणि गाळ दुसरीकडे. दोन्ही एकत्र वाहून आणणारा एकच हमाल त्यांना ठाऊक होता, तो म्हणजे बर्फ. पण उष्ण कटिबंधात बर्फ? लोकांना ते पटेना. पुढे फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाने त्या काळच्या चांदा जिल्ह्याच्या सीमेवर, वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमाच्या परिसरात, इरई गावाजवळ नदीकाठचा चुनखडक पाहिला. वरचा धोंड्यांचा थर जिथे निघून गेला होता, तिथे खालच्या खडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर लांब, सरळ, एकमेकींना समांतर चरे. धोंड्यांवरही तसेच ओरखडे. सरकत्या बर्फात अडकलेला दगड तळाच्या खडकावर असेच ओरखडे काढतो. १८७५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वृत्तात फेडनने हे प्रसिद्ध केले, आणि चांद्याचा बर्फ शास्त्राच्या दरबारात साक्षीला उभा राहिला.

पुढची हकीकत नावाची आहे. या धोंड्यांपासून कोळशापर्यंतच्या थरांना मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने १८७२ साली 'गोंडवन' हे नाव सुचवले, कारण ते गोंडांच्या मुलखात सापडले. त्या कोळशाच्या थरांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. या वनस्पतीला १८२८ साली ब्रोन्यार याने ग्लॉसोप्टेरिस असे नाव दिले होते. तीच पाने आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडू लागली. तेव्हा १८८५ च्या सुमारास एदुआर्द झ्युस याने कल्पना मांडली की हे सारे प्रदेश एकेकाळी एकाच महाखंडाचे भाग असले पाहिजेत, आणि त्या महाखंडाला त्याने आमच्या गोंडांचेच नाव दिले. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना उपासमारीने आणि थंडीने मेले. त्यांचा तंबू पुढे सापडला तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे सोळा किलो दगड होते. मरणाच्या दारातही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. त्याच वर्षी आल्फ्रेड वेगेनर याने खंडे सरकतात असे जाहीरपणे मांडले. त्याची थट्टा झाली, पण १९६० नंतरच्या दशकात सागरतळाच्या अभ्यासाने ते मान्य करावे लागले.

म्हणजे बर्फ उष्ण प्रदेशात आला नव्हता. चांद्याची भूमीच तेव्हा, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी, दूर दक्षिणेला, अंटार्क्टिकाला लागून होती. बर्फ वितळला, ग्लॉसोप्टेरिसची अरण्ये वाढली, ती गाळाखाली गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. पुढे महाखंड फुटला, आपली भूमी उत्तरेस सरकत सरकत आशियाला भिडली. ध्रुवावरच्या नकाशात भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाकडे सरकवून पाहावा. महानदीचे खोरे आणि 'भारती'च्या पश्चिमेला असलेल्या लँबर्ट हिमनदीची दरी एकेकाळी एकच होती, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. भिंतीवरच्या नकाशात हे सांधे जुळवणे कठीण. वाटोळ्या नकाशात लहान मूलही जुळवील.

इरईचा तो खडक पाहावा म्हणून आम्ही एका रविवारी निघालो. जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशावरून जागेचे अक्षांश-रेखांश घेतले, मोबाईलमध्ये घातले, आणि मोबाईलने आम्हांला पऱ्हाटीच्या वावरात नेऊन उभे केले. शेतकरी म्हणाला, "मास्तर, नदी तिकडं राहिली जी!" हीसुद्धा चिठ्ठीचीच चूक. पृथ्वी नेमकी गोल नाही. ध्रुवांपाशी चपटी आहे. मध्यापासून विषुववृत्त ६,३७८ किलोमीटर, ध्रुव ६,३५७. हा चपटेपणा मोजण्यात विल्यम लॅम्टन या माणसाने आयुष्य घालवले. १८०२ पासून मद्रासेकडून मोजीत मोजीत तो उत्तरेस आला आणि नागपूरच्या वाटेवर, आमच्या शेजारच्या हिंगणघाटास, २० जानेवारी १८२३ रोजी वारला. त्याचे काम एव्हरेस्टने पुढे नेले. १८३० साली एव्हरेस्टने ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर आपले जुने नकाशे बेतलेले आहेत. मोबाईल दुसरा, नवा आकार धरून चालतो. दोहोंत जमिनीवर काहीशे फुटांचा फरक पडतो. तो फरक दुरुस्त न करता आम्ही निघालो होतो.

शेतकऱ्याने वाट दाखवली. पण नदीला पूर होता, खडक पाण्याखाली. तासभर काठावर बसून आम्ही परतलो. फेडनचे चरे मी अजून पाहिलेले नाहीत, हे कबूल करतो. उन्हाळ्यात पुन्हा जाणार आहे.

परतल्यावर मी वर्गात सारे सांगितले. ती माडिया मुलगी ऐकत होती. "गोंडवन म्हणजे आमचे नाव?" तिने विचारले. मी "हो" म्हणालो, पण लगेच थबकलो. खोटा अभिमान देणे हे मास्तराचे काम नाही. मी सांगितले, "नाव तुमच्या लोकांचे आहे. तो महाखंड मात्र माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी कोटी वर्षे आधीचा. नाव परक्या माणसांनी दिले, तुम्हांला न विचारता दिले, आणि ते जगातल्या सगळ्या भूगोलाच्या पुस्तकांत गेले."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुस्तकात नाव गेले. पण गावाचे नाव सांगितले की लोक विचारतात, तिकडे माणसे राहतात का?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. १९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण बाहेरच्या लोकांच्या मनातल्या नकाशात हा मुलूख अजून तळाच्या पांढऱ्या काठासारखाच आहे: आहे हे ठाऊक, पण ताणलेला, चेपलेला, आणि चौकटीपाशी संपलेला. त्याच मुलखातून कोळसा जातो, वीज जाते. त्यासाठी कितीतरी गावांनी आपली जमीन सोडली. या दिवाळीत तुमच्या दारी जी विजेची माळ लागेल, तिच्यात कदाचित चांद्याचा कोळसा जळत असेल. तो कोळसा म्हणजे ध्रुवाकडच्या अरण्यांनी, लांबच लांब हिवाळी रात्रींच्या मधल्या उन्हाळ्यांत साठवून ठेवलेले ऊन. माळ लावताना हे क्षणभर आठवावे, एवढीच विनंती.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुली शाळेच्या ओसरीवर रांगोळी काढतात. यंदा त्या मुलीने मधोमध एक ठिपका दिला, त्यातून बारा आऱ्या काढल्या, त्यांवर एकाभोवती एक वर्तुळे फिरवली. मी समजलो, नेहमीची चक्राची रांगोळी. मग तिने मध्ये पांढरा रंग भरला, भोवती निळा, आणि एका आरीवर, मध्यापासून दूर, हिरव्या रंगाचे एक बोट टेकवले.

"हे काय?" दुसऱ्या मुलीने विचारले.

"आपले गाव," ती म्हणाली, "वरून पाहिलेले."

मी पाहिले. आरी बरोबर होती, पण हिरवे बोट एक वर्तुळ अलीकडे पडले होते. दुरुस्त करावे म्हणून वाकलो, आणि मग तसेच राहू दिले. ते अंतर तिला सुट्टीनंतर मोजायला सांगणार आहे.